तिच्या नावावरची बाकी

पाडवा होऊन चार-पाच दिवस झाले होते. शनिवार होता, आणि मी नेहमीप्रमाणे सकाळी नवाच्या सुमारास रुग्णालयात पोचले होते. जिन्याकडे वळणार इतक्यात बिलिंगच्या खिडकीवरच्या मुलीने हात करून बोलावलं. "ताई, जरा बघता का? हे दादा पैसे भरायचेत म्हणतायत, पण कॉम्प्युटरवर खातं शून्य दिसतंय." खिडकीबाहेर पस्तिशीचा एक माणूस उभा होता. धुवट पांढरा सदरा, डोक्याला टोपी, आणि उसाच्या पाचटाने पडतात तशा बारीक काळ्या चिरा दोन्ही तळव्यांवर. हातात दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेलं एक बिल. घड्यांवर झिजून त्याचे जवळजवळ चार तुकडे झाले होते. बिलावर पाचशेच्या सहा नोटा मोजून ठेवलेल्या. बिल तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीतलं होतं आणि शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: येणे बाकी रु. १८,४००.

खातं शून्य का दिसतंय, हे मला कॉम्प्युटर न बघताही कळलं. पंधरवड्यापूर्वीच, वर्षअखेरीच्या सभेत, तीन वर्षांपलीकडच्या येण्यांची यादी आम्ही निर्लेखित केली होती, म्हणजे वसूल होणार नाहीत असं धरून वहीतून काढून टाकली होती. खजिनदार म्हणून त्या यादीच्या प्रत्येक पानावर माझी सही होती. मी त्यांना म्हटलं, "दादा, हे माफ झालंय. तुम्हाला आता काही भरायचं नाही." त्यांचा चेहरा मोकळा होईल असं मला वाटलं होतं. त्यांनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"कुनी केलं माफ?"

आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखरच ते जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "रुग्णालयाने." त्यावर ते म्हणाले, "मला तर कुनी सांगितलं न्हाई." आणि नोटा तशाच धरून उभे राहिले.

त्या प्रश्नाने माझी पुढची कित्येक रात्रींची झोप उडवली. वीस वर्षं मी चिंचवडच्या एका कारखान्याच्या वित्त विभागात काम केलं. येणी किती दिवसांची, नव्वद दिवसांपुढे किती, एकशे ऐंशीपुढे किती, बुडीत किती धरायची, हे माझ्या बोटांवर असायचं. १९६३च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे साधारण तीन वर्षांनी येणं मुदतबाह्य होतं, दावा लावता येत नाही, मग ते ताळेबंदात मिरवत ठेवण्यात अर्थ नसतो. आपण रेघ मारतो. वही स्वच्छ होते, लेखापरीक्षक समाधानी होतात, सभा पुढच्या विषयाकडे वळते. रेघ आपण आपल्या वहीत मारतो हे मला ठाऊक होतंच. पण समोरच्याच्या घरी ती बाकी तशीच उशाखाली असते, त्याच्यापर्यंत रेघ पोचतच नाही, हा विचार वीस वर्षांत एकदाही माझ्या मनात आला नव्हता. तीन वर्षं तो माणूस ते अठरा हजार चारशे वागवत होता, आणि शेवटचे पंधरा दिवस तर जे उरलंच नव्हतं ते.

माझे वडील बार्शीला किराणा दुकान चालवायचे. लाल कापडी पुठ्ठ्याची उधारीची चोपडी असायची, तिला पेंडीचा, गुळाचा आणि रॉकेलचा मिळून एक वास होता. लक्ष्मीपूजनाला नवी चोपडी यायची, हळदीकुंकवाची बोटं उमटायची आणि जुनीतल्या बाक्या नवीत ओढल्या जायच्या. त्या ओढण्याचं काम मी सातवी-आठवीपासून करत असे, माझं अक्षर बरं म्हणून. कधी कधी वडील एखाद्या नावावर बोट ठेवून म्हणायचे, "हे नको ओढू." कुणी मेलेलं असायचं, कुणाचा बैल गेलेला असायचा, कुणाची जमीन. मी ते नाव सोडून पुढे जायची. पण त्याच आठवड्यात ते पायात वहाणा घालून त्या घरी जाऊन यायचे. एकदा मीही सोबत गेले होते. ओसरीवर चहा झाला, पावसाच्या गोष्टी झाल्या, आणि उठता उठता ते त्या घरच्या आजींना म्हणाले, "दुकानाचं काही राहिलेलं नाही बरं का तुमच्याकडे. मिटलं सगळं." आजींनी पदर डोळ्याला लावला. मला तेव्हा कंटाळा आला होता, एवढंच आठवतं. पुढे सीए झाले तेव्हा वडिलांच्या पद्धती मला अघळपघळ वाटायच्या. आता वाटतं, ती अर्धी नोंद ओसरीवर जाऊन पूर्ण करायची असते, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं आणि मला ते सोबत नेऊनही शिकता आलं नाही.

रुग्णालयात मी आले ती हिशेबांसाठीच. लहान मुलांचं धर्मादाय रुग्णालय, जुनी दगडी इमारत, मागे नवी विंग. तिथल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांनी "आमचे कागद एकदा बघाल का" म्हणून विचारलं, बघितले, मग विश्वस्त मंडळावर घेतलं, मग खजिनदार केलं. धर्मादाय रुग्णालयाचा हिशेब कारखान्यापेक्षा अवघड असतो असं माझं ठाम मत आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५०चा; त्यातल्या कलम ४१ अअखालच्या योजनेप्रमाणे दहा टक्के खाटा निर्धनांसाठी, दहा टक्के दुर्बल घटकांसाठी, आणि बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. हा निधी आमच्याकडे साधारण दिवाळीपर्यंतच पुरतो. त्यानंतर येणारं मूल कमी आजारी नसतं. मग देणगीदारांना फोन, मग कंपन्यांच्या सीएसआरवाल्यांना, म्हणजे सामाजिक कामासाठीचा निधी सांभाळणाऱ्यांना, सादरीकरणं. त्यांना फलक लावता येईल असं यंत्र द्यायचं असतं, आणि आम्हाला हव्या असतात रात्रपाळीच्या चार सिस्टर, ज्यांच्यावर फलक लावता येत नाही. या ओढाताणीत मी इतकी गुंतले होते की पहिली दोन वर्षं पहिल्या मजल्याच्या वर गेलेच नव्हते. सभागृह पहिल्या मजल्यावर होतं.

दुसऱ्या मजल्यावर मला नेलं ते नवजात विभागाच्या इनचार्ज सिस्टरनी. "ताई, तुमचं अक्षर छान आहे म्हणतात. आमच्या आयांची कार्डं लिहून द्याल का शनिवारी?" अतिदक्षता विभागात बाहेरच्यांना प्रवेश नसतो आणि तो नसावाच. पण त्याला लागून एक खोली आहे, आया दूध काढायला बसतात ती. सिस्टरच्या रजिस्टरमध्ये रोजची वजनं असतात. ती प्रत्येक आईच्या कार्डावर मोठ्या आकड्यांत उतरवायची आणि जिला वाचता येत नाही तिला समजावून सांगायची, एवढंच काम. गेली सात वर्षं मी ते करते आहे.

त्या खोलीत गेल्यावर आधी वास येतो. उकळलेल्या स्टीलच्या वाट्यांची वाफ, डेटॉल, आणि या सगळ्याखाली दुधाचा कोमट, किंचित गोड वास. सात-आठ बायका भिंतीला टेकून बसलेल्या असतात, अंगात रुग्णालयाचा हिरवा गाऊन, कानाला बाळंतिणीसारखं फडकं. मूल शेजारी नसताना पान्हा फुटणं अवघड असतं. पहिल्या दिवशी कित्येकींना वाटीच्या तळाला चार थेंबच दिसतात आणि त्या ओशाळतात. सिस्टर ते चार थेंबही पाच रुपयांच्या सिरिंजमध्ये जपून ओढून घेतात, कारण सव्वा किलोच्या बाळाला सुरुवातीला लागतंही तेवढंच, एका वेळेला एक-दोन मिली. एखादीला भरपूर येतं, ती शेजारणीला म्हणते, "माझं देऊ का गं?" मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली, तेव्हा त्यांच्याही कानावर असा प्रश्न कितीदा पडला असेल! मी सभागृहात ज्या आकड्यांवर तास-तास वाद घालते त्यांना सात शून्यं असतात. या खोलीत आकडा चार अंकी, आणि त्यातला शेवटचा अंकही कुणीतरी श्वास रोखून ऐकत असतं. पहिल्या आठवड्यात वजन उतरतंच. ते समजावणं सगळ्यात कठीण. "ताई, कालच्यापेक्षा कमी झालंय की!" मी म्हणते, "होतं गं, अंगातलं पाणी उतरतं. आता थांबेल, मग रोज पंधरा-वीस ग्रॅमनी चढेल." चढायला लागलं की त्या बाया कार्ड गाऊनच्या खिशात न ठेवता हातात धरून फिरतात.

पुढे बाळ जरा स्थिर झालं की आईच्या छातीला बांधतात, कांगारूसारखं. ही पद्धत कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ साली सुरू झाली, काचपेट्या पुरत नव्हत्या म्हणून. टंचाईतून निघालेली गोष्ट काचपेटीइतकीच, कधी तर जास्तच, मोलाची ठरली. आमच्याकडे त्यासाठी मागे रेलता येतील अशा बारा खुर्च्या हव्या होत्या. त्या खुर्च्यांचा ठराव दोन सभा पुढे ढकलला गेला होता, 'फर्निचर' या शीर्षात पैसे उरले नव्हते म्हणून, आणि ढकलणारी मीच होते. दुसऱ्या मजल्यावर गेल्यावर महिन्याभरात मी तो ठराव 'वैद्यकीय उपकरणे' या शीर्षाखाली मंजूर करून घेतला. त्या खुर्च्या उपकरणंच आहेत. त्यावर छातीला बाळ बांधून झोपी गेलेली बाई पाहिली की कुणाचंही मत तेच होईल.

याच दोन मजल्यांच्या मधे तो माणूस नोटा घेऊन उभा होता.

मी त्यांना बाकावर बसवलं, चहा मागवला. बीड जिल्ह्यातले, दरवर्षी दिवाळीनंतर नवरा-बायको ऊसतोडीला दौंडच्या बाजूला येणारे. मुकादमाच्या भाषेत ही दोन माणसं मिळून 'एक कोयता'. हंगामाआधीच उचल घेतलेली असते, लग्नाला, दवाखान्याला किंवा नुसतं पावसाळ्याभर खायला, आणि मग पाच-सहा महिने ती फेडत ऊस तोडायचा. त्या वर्षी बायकोला सातवा महिना होता. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढताना पोटात कळ आली, आणि दोन दिवसांनी तालुक्याच्या दवाखान्यातून बाळाला आमच्याकडे पाठवलं. मुलगी. एक किलो एकशे चाळीस ग्रॅम. रेशनकार्ड गावी होतं, ते यायला सहा दिवस लागले, आणि आलं त्यावर सुनेचं नावच चढवलेलं नव्हतं. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून यायचा होता. आमच्या समाजसेविकेने धडपड करून बरंचसं बिल निधीतून बसवलं, पण कागद पुरे होण्याआधीच, एकोणिसाव्या दिवशी, रविवारी पहाटे, जंतुसंसर्गाने मूल गेलं. पैशासाठी आम्ही कुणाचा देह अडवत नाही. हमीपत्रावर सही घेतो. त्यांनी सही केली होती, आणि त्या सहीला ते जागत होते.

"एकोनीस खाडे पडले," ते म्हणाले. खाडा म्हणजे कामावर न आलेला दिवस. तो मुकादम वहीत लिहितो आणि त्याचे पैसे उचलीत चढवतो. लेकरू दवाखान्यात होतं ते एकोणीस दिवस आमच्या बिलात होते आणि तेच एकोणीस दिवस मुकादमाच्या वहीतही होते. दोन्हीकडे त्यांच्या नावाला उधार बाजू. मी आयुष्यभर जमा-खर्च शिकले, शिकवला, पण तेच दिवस एकाच माणसाला दोन वह्यांत असे भरावे लागतात, हे कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं.

मी पुन्हा एकदा म्हटलं, दादा, खरंच भरू नका, मुकादमाचं फेडायला उपयोगी पडतील. त्यांनी मान हलवली. "मुकादमाची फिटत नसती कधी. दर साली उरतीच. ही फिटंल." मग थोडं थांबून म्हणाले, "लेकराच्या नावावर बाकी नगं."

बिलावर रुग्णाचं नाव म्हणून छापलेलं होतं: 'बेबी ऑफ', आणि पुढे आईचं नाव. बारसं झालेलं नसतं, म्हणून नवजात मुलांची नोंद अशीच होते. खजिनदार झाले त्या पहिल्या वर्षी थकीत येण्यांची यादी चाळताना अशा ओळींवर मी लाल पेनाने शेरा मारला होता: 'रुग्णाचे नाव नाही, ओळख अपूर्ण, नोंदी दुरुस्त कराव्यात.' लेखापाल बिचारे खाली मान घालून "हो मॅडम" म्हणाले होते. त्यातलं कोण घरी गेलं आणि कोण नाही, हे मी विचारलं नव्हतं.

मी पैसे घेतले. ते बरोबर केलं का, याबद्दल माझं मन आजही पूर्ण स्वच्छ नाही. आमच्या ज्येष्ठ डॉक्टरांना मी सांगितलं तेव्हा ते चांगलेच अस्वस्थ झाले. मुळात ते बिल त्या घराला लागायलाच नको होतं, आता त्यावर पैसे घेणं म्हणजे चूक दुसऱ्यांदा करणं, असं ते म्हणाले. त्यांचं म्हणणं खोटं नाही. तीन हजार रुपये म्हणजे त्या माणसासाठी किती टन ऊस, याचा हिशेब मी त्या रात्री करून पाहिला आणि अर्ध्यात सोडला. पण खिडकीशी उभं राहून मला एवढंच दिसत होतं, की त्यांनी जे तीन वर्षं जपून आणलं आहे ते परत त्यांच्या खिशात घालणं हा माझा मोठेपणा होईल आणि त्यांच्या हातातलं काहीतरी जाईल.

बिलिंगच्या मुलीने सुचवलं, देणगीची पावती फाडू या, ऐंशी-जीची, आयकरात सवलत मिळते ती. ते लगेच म्हणाले, "दान न्हाई हे. बाकी हाये." शून्य झालेल्या खात्यावर कॉम्प्युटर जमा घेईना. मग कपाटातून जुनं हाती पावतीपुस्तक काढलं, कार्बन घातला. शीर्ष लिहिलं, 'बुडीत येणे वसूल'. लिहिलं आणि खोडलं, आणि नुसतं 'बिलापैकी जमा' असं लिहिलं. नावाच्या जागी पेन थांबलं. त्यांना विचारलं, "नाव ठरवलं होतं का काही?" ते इतका वेळ सरळ बसले होते, आता खाली बघायला लागले. मग एक नाव म्हणाले. ते मी इथे लिहीत नाही. पावतीवर लिहिलं, आणि त्यांच्या सांगण्यावरून पुढे वडिलांचं आणि आडनाव, तिन्ही. खाली उरलेली बाकी: १५,४००.

पुढच्या सभेत मी विषय मांडला की ज्यांची येणी आपण निर्लेखित करतो त्यांना ते कळवलं पाहिजे. बराच वाद झाला. माफ होतं हे कळलं तर कुणीच भरणार नाही, असं एका सहकाऱ्याचं म्हणणं होतं, आणि हिशेबाच्या दृष्टीने त्यात तथ्यही आहे. शेवटी समाजसेविकेने फोन करायचे असं ठरलं. त्या यादीत २७ खाती होती. ९ ठिकाणी फोन लागले. एका बाईने वसुलीचा फोन समजून तो कापला, पुन्हा लावला तेव्हा तिने तो दिराकडे दिला. एका माणसाने सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ काहीच बोलला नाही, मग म्हणाला, "लेखी द्याल का?" तेव्हापासून आम्ही पत्र देतो. पत्राचा मसुदा मी लिहिला, सहा वेळा. 'निर्लेखित' हा शब्द त्यात ठेवला नाही. 'आपल्याकडे रुग्णालयाचे काहीही येणे राहिलेले नाही' असं लिहिलं, आणि लिहिताना बार्शीची ती ओसरी, चहाच्या कपबशा, आजींचा पदर, सगळं समोर येत राहिलं.

त्या शनिवारी पावती घडी करून पिशवीत ठेवल्यावर ते उठले, दोन पावलं गेले आणि परत आले. "एक इचारू का? ते वजनाचं कारट असायचं न्हवं का, तिच्या आईकडं. ते मिळंल का? ती लई दिस झालं मागती." मी त्यांना थांबायला सांगून नोंदींच्या खोलीत गेले. तळघरातली ती खोली, जुन्या कागदांचा आणि ओलीचा वास, लोखंडी मांडण्यांवर वर्षावार गठ्ठे. फाइल सापडायला अर्धा तास लागला. शेवटच्या पानाला टाचणीने लावलेलं पिवळं कार्ड होतं.

त्यावरचे आकडे माझ्या अक्षरातले होते. एकोणीस दिवसांतले तिन्ही शनिवार मी त्या खोलीत होते, त्या बाईशेजारी बसले होते, तिला समजावलं असणार की उतरतंच गं, मग चढेल. मला तिचा चेहरा आठवेना. तिथेच मांडणीला धरून मी किती तरी वेळ आठवत राहिले. ११४०. ११०५. १०६०. मग १०७५, ११२५, आणि शेवटच्या शनिवारचा ११९०.

मूळ कार्ड देता येत नाही असा नियम आहे. मी झेरॉक्स फाइलला लावली आणि मूळ कार्ड त्यांना दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांत धरून उजेडाकडे नेलं. टनाच्या पावत्या वाचायची सवय असलेला माणूस, आकड्यांवरून बोट खाली खाली नेत गेला आणि शेवटच्या ओळीवर थांबला.

"वाढलं व्हतं की," ते म्हणाले.